दोन बोटं उंच

"अरे मिस्त्री, यांचे पाय टेकत नाहीत!"

फर्निचर विभागाचे साहेब हे कानात कुजबुजले खरे, पण त्यांची कुजबुज नेहमी दारापर्यंत ऐकू जायची. मंत्रिमंडळाच्या बैठकीच्या त्या लांबलचक टेबलाशी नवे पाणीपुरवठामंत्री बसून बघत होते. वयाने तरुण, अंगाने आटोपशीर. सकाळी शपथ झाली होती, दुपारी पहिली बैठक होती, आणि तेवढ्यात ते आपली जागा डोळ्यांखालून घालायला आले होते. त्यांच्या बुटांची टोकं गालिच्याला जेमतेम लागत होती.

"बाकीच्या खुर्च्यांत टेकतात हो, हिच्यातच टेकत नाहीत," मंत्री हसत म्हणाले. "पहिल्याच दिवशी अधांतरी! लोक काय म्हणतील?"

सगळे हसले. मिस्त्री हसला नाही.

"करतो साहेब. थोडंसंच काम आहे," तो म्हणाला आणि खुर्ची उचलून मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे त्याने ती उलटी केली आणि पायांच्या पितळी टोप्या एकेक करून काढल्या. कुठे काय आहे ते त्याला शोधावं लागलं नाही. स्वतः केलेलं काम माणूस डोळे मिटूनही ओळखतो, आणि हे तर त्याच्या उभ्या नोकरीतलं सगळ्यात देखणं काम होतं. चारही पायांना खाली दोन-दोन बोटं लाकूड जोडलेलं, रंग तोच, रेषा तीच, आणि सांधा बरोबर टोपीच्या आत लपलेला.

करवत हातात घेऊन तो बराच वेळ नुसता बसून राहिला.

ही खुर्ची जुन्या पाणीपुरवठामंत्र्यांची. वर्षभरापूर्वी बैठक संपल्यावर मिस्त्री दाराची बिजागरी घट्ट करायला हॉलमध्ये आला होता. सगळे मंत्री निघून गेले होते, हे एकटे कागद चाळत बसले होते. कागद तोच, पुन्हा पुन्हा. मग त्यांनी टेबलाच्या कडेला धरून उठायचा प्रयत्न केला. जमलं नाही. परत केला. गुडघे ऐकेनात. मिस्त्रीने पटकन बिजागरीकडे तोंड फिरवलं.

"बघितलंत?" साहेबांनी मागून विचारलं.

"नाही, साहेब."

साहेब खळखळून हसले. मग म्हणाले, "मिस्त्री, डोकं अजून शाबूत आहे हो. गावोगावचं पाणी अर्ध्या वाटेत आलंय, ते नळात आलेलं बघायचंय मला. पण चार लोकांसमोर एकदा हात धरून उठवावं लागलं, की डोक्याकडे कुणी बघत नाही."

त्याच आठवड्यात मिस्त्रीने त्यांची खुर्ची दोन बोटं उंच केली, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर पडायला नको. पुढच्या बैठकीनंतर साहेब सगळ्यांच्या बरोबर उठले, सगळ्यांशी बोलत बाहेर पडले, आणि जाता जाता दाराशी उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. ही गोष्ट त्या दोघांतच राहिली. मिस्त्रीने घरी बायकोलासुद्धा पत्ता लागू दिला नाही, आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं.

आणि मग एके दिवशी पंतप्रधानांचे खासगी सचिव हॉलची पाहणी करायला आले. मोठा गोड माणूस. मिस्त्रीलाही अहोजाहो करायचे. टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "काय सुंदर ठेवलंय सगळं! खुर्च्या तर अगदी एका साच्यातल्या वाटतात."

तिथे मिस्त्रीची जीभ सुटली.

"त्यातली एक वेगळी आहे, साहेब. ओळखा बघू."

सचिवांनाही गंमत वाटली. ते एकेका खुर्चीत बसून बघायला लागले. या मोठ्या माणसाला आपलं काम ओळखता येत नाही, हे बघून मिस्त्री हरखून गेला. सचिवांनी हात टेकले तेव्हा त्याने ऐटीत खुर्ची उलटी केली, टोपी काढली, सांधा दाखवला.

"कमाल आहे तुमची!" सचिवांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "आणि ही कुणाची म्हणायची?"

मिस्त्रीने सांगून टाकलं. किती सहज सांगितलं! घरी जाताना तो शीळ घालत गेला होता.

फेरबदलाची बातमी आली तेव्हा तो जेवत होता. बायको टीव्हीसमोर होती.

"अहो, तुमचे ते पाण्याचे साहेब गेले की! तब्येतीमुळे विश्रांती दिली म्हणे. चांगले चालताना दिसायचे बाई." मग तिचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "तुम्हाला काय झालं? घास का थांबला?"

"मीठ जास्त झालंय," तो म्हणाला. मीठ अगदी बरोबर होतं.

आता मागच्या खोलीत मिस्त्रीने करवत चालवली. सुटलेले चार तुकडे फेकून द्यायला हात होईना, म्हणून त्याने ते पिशवीत टाकले. खुर्ची जागेवर ठेवली, नव्या मंत्र्यांचे पाय टेकले, आणि विभागाच्या साहेबांचा जीव भांड्यात पडला. इतक्यात जुन्या साहेबांचा ड्रायव्हर दारात उभा राहिला.

"साहेबांनी बोलावलंय. हत्यारं घेऊन या म्हणालेत."

साहेबांच्या सरकारी बंगल्यात सामानाची बांधाबांध चालली होती. पडदे उतरवलेले, खोकी रचलेली. साहेब जेवणाच्या टेबलाशी एका साध्या लाकडी खुर्चीत बसले होते. बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, मिस्त्रीला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "ही आमची स्वतःची खुर्ची. घरी न्यायची आहे. हिच्यातून यांना उठता येत नाही, आणि मला म्हातारीला ते ओढवत नाहीत."

साहेब टेबलाला रेटा देऊन, बाईंच्या खांद्याचा आधार घेत कसेबसे उठले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांना असं उठताना बघून मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, एक सांगायचं होतं."

"आधी काम करा."

त्याने पिशवीतले तेच चार तुकडे काढले. तासून, जुळवून, लांब स्क्रूने पायांना पक्के बसवले. शेवटचा स्क्रू आवळला, तरी त्याची मान वर होईना.

"मीच बोललो, साहेब. सचिवसाहेबांना खुर्ची मीच दाखवली."

साहेब बाहेर बघत होते. "माहीत आहे. राजीनामा मागायला तेच आले होते. म्हणाले, खुर्ची उंच केल्याने गुडघे थोडेच बरे होतात? तिसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं ते." मग ते मिस्त्रीकडे वळले. "का दाखवलीत?"

चुकून बोलून गेलो, बोलता बोलता निघालं, असं सांगायचं मिस्त्रीने वाटेत ठरवलं होतं. पण तोंडून खरं तेच बाहेर आलं.

"काम फार चांगलं झालं होतं, साहेब. आणि ते कुणाला दिसतच नव्हतं. एकदा कुणीतरी वाहवा करावी, असं वाटलं."

बाई खोकं बांधता बांधता थांबल्या.

"काम चांगलंच झालं होतं," साहेब म्हणाले.

मग ते हळूहळू आले आणि खुर्चीत बसले. उठायची वेळ आली तेव्हा मिस्त्री धावून पुढे झाला आणि त्याने हात दिला. साहेबांनी त्या हाताकडे बघितलं. मग दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवून, थोडे पुढे झुकून, ते एका दमात आपले आपण उठले.

"उंची बरोबर आहे," ते म्हणाले आणि आतल्या खोलीत निघून गेले.

मिस्त्रीचा हात तसाच पुढे राहिला होता. तो त्याने हळूच खाली घेतला, गुडघ्यांवर बसला आणि फरशीवरचा भुसा तळव्याने गोळा करू लागला.

"राहू द्या हो," बाई म्हणाल्या. "उद्या आम्ही जाणारच आहोत इथून."

तरी तो भुसा वेचत राहिला.