नदीची सरासरी

पनवेलच्या आसपासच्या चार कॉलेजांनी एक नदी अभ्यासाला वाटून घेतली होती. डोंगरातला उगम एकाकडे, मधले दोन टप्पे दोघांकडे आणि शहराच्या पुलाखालचा, खाडीला मिळण्याआधीचा शेवटचा टप्पा मनस्वीच्या कॉलेजकडे. तिचं गाव त्याच टप्प्यावर, आणि गावाच्या डोक्यावर नदीत पडणारा कारखान्याचा नाला. वर्षभर गुडघाभर चिखलात उभं राहून तिने पाण्याचे नमुने भरले. त्या पाण्यात प्राणवायू नावालाही नव्हता. तिची आई भामा पूर्वी तिथे चिंबोऱ्या धरायची. आता तिथे पाय घातला तरी खाज सुटते. कॉलेजांचा अहवाल हाती आला की नाला बंद करायला लावू, या आशेवर सगळा गाव बसला होता.

आणि अहवाल लिहिणाऱ्या दिनानाथ सरांनी काय करावं? चौघांच्या आकड्यांची सरासरी काढली! डोंगरातलं निवळशंख पाणी आणि गावातलं काळं पाणी एकाच पातेल्यात ओतलं, आणि नदी ‘समाधानकारक’ ठरली.

मनस्वी भांडायला गेली. अभ्यास सामायिक आहे, एकच टप्पा वेगळा दाखवला तर त्या कॉलेजची बदनामी होते, असं सर म्हणाले. तिच्याच कॉलेजच्या रुचिरा मॅडमनी मान डोलावली. बदनामी म्हणे! जसा काही नाला कॉलेजच्या मोरीतून निघत होता.

मनस्वीचा राग आधीच नाकाच्या शेंड्यावर. “मग आमचे आकडे काढून टाका,” ती म्हणाली. “या खोटेपणात आमचं गाव नको.”

तिला वाटलं, आता सर हादरतील, थांब म्हणतील. मॅडमना तर सुटल्यासारखंच झालं. त्या लगेच हो म्हणाल्या. सरांनी एक ओळ पुसली, चाराऐवजी तिनाने भागलं, आणि नदी ‘उत्तम’ झाली.

छापील अहवाल घरी आला तेव्हा भामाने हात पुसून तो उघडला. आत रंगीत नकाशा होता. त्यात नदी शहराच्या पुलापाशीच संपत होती. तिने पुलाच्या खालच्या कोऱ्या कागदावर बोट फिरवलं.

“याच्यान आपला गाव कुठं हाय गो? कोनी काढून टाकला?”

सरांच्या, मॅडमच्या, कारखान्याच्या नावाने मनस्वीच्या तोंडात शिव्या भरल्या होत्या. त्यांतली एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हती.

“मी,” ती म्हणाली.