एक नंबरचा टॉवेल

पाच हजार माणसं श्वास रोखून एका टेबलाकडे बघत होती. टेबल मैदानाच्या मधोमध मांडलं होतं. त्यावर काचेचे अकरा वाडगे, वाडग्यांत पिवळं पाणी आणि पाठीमागे रेशमी कफनी घातलेले महाराज. मोठ्या पडद्यावर महाराजांचं नाक एखाद्या टेकडीएवढं दिसत होतं.

"हे साधं पाणी नाही, भक्तांनो! हे सूर्यजल आहे," महाराजांनी माइकमध्ये गर्जना केली. "ज्याच्या हातात दोष, त्याच्या हातातून हे पाणी रक्त काढतं. ज्याचा हात निर्मळ, त्याला काही होत नाही. बोला, गोल होणार की नाही?"

"होणार!" पाच हजार गळे ओरडले. संघाने गेल्या तीन सामन्यांत एकही गोल केला नव्हता, त्यामुळे ओरडण्यात जोर जरा जास्तच होता.

खेळाडू रांगेने आले. महाराजांचा शिष्य प्रत्येकाला त्याच्या नंबरचा ओला टॉवेल देई. खेळाडू हात पुसे, वाडग्यात बुडवे, वर काढे. कर्णधाराचा हात पिवळा निघाला. नऊ नंबरच्या स्ट्रायकरचा पिवळा. दहा जणांचे पिवळे. शेवटी गोलकीपर आला. त्याने हात बुडवला मात्र, बोटांभोवती लाल रेघा सुटल्या आणि हात वर आला तो लालभडक!

पाच हजार माना पडद्याकडे वळल्या. मग कोणीतरी किंचाळलं, "पनवती!" आणि तो शब्द एका स्टँडवरून दुसऱ्या स्टँडवर लाटेसारखा फिरला.

हे सगळं धुलाईघराच्या दारातून बघत होत्या मावशी. क्लबचे कपडे धुता धुता त्यांची तीस वर्षं गेली होती. अध्यक्षांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. आणि ज्याचा हात लाल झाला तो गोलकीपर म्हणजे त्यांचा सख्खा जावई.

महाराज क्लबात आले ते अठरा सामने झाल्यावर. अठरांपैकी संघाने जिंकले होते चार. खालच्या श्रेणीत घसरायची भीती अध्यक्षांच्या मानगुटीवर बसली होती. महाराजांनी मैदानावर पाणी शिंपडलं आणि लगेच पुढचा सामना संघ जिंकला. समोरच्या संघाचे तीन मुख्य खेळाडू तापाने अंथरुणात होते, ही गोष्ट कोणी ध्यानात घेतली नाही. त्यानंतर सकाळचा सराव बंद झाला. त्या वेळात खेळाडू अनवाणी मैदानाला एकशे एक फेऱ्या घालू लागले. याला 'मैदानशांती' म्हणत. कोच एकदा कुरकुरला, "अहो, कॉर्नर कसा अडवायचा ते कधी शिकवू?" अध्यक्ष म्हणाले, "शांती झाली की कॉर्नर येणारच नाहीत."

कॉर्नर येत राहिले. संघ तीन वेळा हरला. मग कोणावर तरी खापर फोडायला हवं होतं, आणि ते त्या दिवशी फुटलं.

त्याच आठवड्यात गोलकीपरला बसवून ठेवलं. बदली पोराने पाच गोल खाल्ले. तरी महाराज डगमगले नाहीत. म्हणाले, "दोष गेला, पण सावली राहिली. शेवटच्या सामन्याआधी पुन्हा सूर्यजल करू. त्याने सगळ्यांसमोर गोलपोस्टची माफी मागायची आणि फाटकातून कायमचं बाहेर पडायचं."

अशा रीतीने बाहेर पडलेल्या माणसाला दुसरा कोणता क्लब दारात उभं करणार? जावई दोन दिवस जेवला नव्हता. आणि नातीला शाळेत कोणी चेंडूला हात लावू देत नव्हतं.

नात चिमी, वय वर्षं दहा. शाळा सुटली की ती धुलाईघरात येऊन बसे. त्या दुपारी ती आली ती मुसमुसतच.

"आजी, पप्पांच्या हातातून खरंच रक्त आलं?"

"कापलं होतं का कुठे?"

"नाही. मी दोन्ही हात बघितले."

"मग रक्त कसं?"

"महाराज म्हणाले…"

"महाराज काय म्हणाले ते मी विचारलं नाही. तुझे डोळे काय म्हणतात?"

चिमीने बाहीला नाक पुसलं. मावशींनी टोपलीतून टॉवेलांचा गठ्ठा काढला. सूर्यजलाच्या दिवसापासून तो तसाच पडून होता. त्यांनाही त्याला हात लावावासा वाटला नव्हता. टॉवेलांवर शाईने नंबर घातलेले होते. खेळाडूंनी हात बुडवल्यावर त्यांनाच पुसले होते. दहा टॉवेलांवर पिवळे डाग, एक नंबरच्या टॉवेलवर लाल.

मावशींनी नऊ नंबरचा टॉवेल पसरला, सवयीने डागावर साबण घासला आणि एकदम थांबल्या. पिवळा डाग बघता बघता लाल झाला होता.

"अगं आजी! याला पण रक्त आलं!"

मावशी खो खो हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "मी पण काय शहाणी! तीस वर्षं हळदीचे डाग धुतेय आणि घरच्याच माणसाच्या हाताला लागल्यावर ओळखता आली नाही. चिमे, हे सूर्यजल नाही. आपल्या फोडणीतली हळद आहे ही. साबण लागला की लाल होते."

"पण पप्पांनी तर साबण लावला नव्हता."

"हा प्रश्न चांगला आहे. मग काय लागलं असेल? आधी एक नंबरचा टॉवेल भिजव. मग दोन नंबरचा भिजव आणि दोन्ही चिमटीत धरून बघ. आधी सांगू नकोस, नीट बघ."

चिमीने एक टॉवेल चोळला, मग दुसरा. "एक नंबरचा बुळबुळीत लागतो. दुसरा नाही."

"धुण्याच्या सोड्यात बोटं बुडवली की असंच लागतं. आणि त्या दिवशी सकाळी महाराजांचा तो शिष्य माझ्याकडे मूठभर सोडा मागायला आला होता. म्हणे, वाडगे घासायचेत."

चिमीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे फक्त पप्पांच्या टॉवेलला…"

"तसं वाटतं. पण नुसतं वाटून चालत नाही. करून बघू या."

दोघींनी वाट्या घेतल्या, हळद कालवली. दर वेळी मावशी विचारत, "आता काय होईल? आधी सांग, मग बुडव." पाचव्या वेळेपर्यंत चिमी न चुकता सांगू लागली. मग मावशींनी लिंबू पिळायला लावलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं, तेव्हा चिमी टाळ्या पिटत धुलाईघरभर नाचली.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी टॉवेल भिजवून द्यायचं काम मावशींकडेच होतं. एक नंबरला शिष्य सोडा लावणारच होता, म्हणून तो सोडून बाकी सगळे त्यांनी सोड्याच्या फिक्या पाण्यातून काढले. एक जादाचाही काढला. आणि जावयाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावईबापू, कोणी टॉवेल दिला तर हातात घेऊ नका, हात तुमच्या शर्टालाच पुसा."

"आई, का म्हणून?"

"सासूचं कधी तरी न विचारता ऐका."

पाच हजार माणसं पुन्हा जमली. वाडगे मांडले. महाराजांनी डोळे मिटले. कर्णधाराने टॉवेलला हात पुसून वाडग्यात घातला आणि लाल हात वर काढला.

"बाप रे!" कर्णधार माइकमध्येच म्हणाला.

महाराजांचा एक डोळा उघडला. स्ट्रायकर लाल. मिडफिल्डवाले लाल. बचावफळीतले चारही लाल. पडद्यावर दहा लाल पंजे दिसत होते. शेवटी गोलकीपरने टॉवेल न घेता शर्टाला हात पुसले आणि वाडग्यात बुडवले. पिवळे!

महाराजांनी कपाळावरचा घाम पुसला, पण जीभ काही अडली नाही. "बघा! बघा या पाप्याचं कसब! आपला दोष दहा जणांच्या गळ्यात घालून हा स्वतः कोरडा उभा आहे!"

मैदान खवळलं. एक बाटली गोलकीपरच्या पायाशी येऊन फुटली. चिमीने आजीचा पदर घट्ट धरला. मावशी मात्र जादाचा टॉवेल घेऊन सरळ टेबलापाशी गेल्या.

"साहेब," त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "क्लबचे मालक तुम्ही. तुमचा हात निर्मळ आहे एवढं लोकांना दाखवा. म्हणजे ते शांत होतील."

लोकांना स्वतःचा निर्मळ हात दाखवायची संधी अध्यक्षांनी आजवर कधी सोडली नव्हती. त्यांनी टॉवेलला हात पुसले आणि गोलकीपरच्या त्याच पिवळ्या वाडग्यात कोपरापर्यंत घातले.

हात लालबुंद झाले.

अध्यक्ष हाताकडे बघत राहिले. महाराज अध्यक्षांकडे बघत राहिले. मग महाराज गोड हसून म्हणाले, "साहेब, घाबरू नका. तुमचा लाल हा शुभ लाल आहे."

आधी एक जण हसला. मग एक रांग हसली. मग अख्खं मैदान हसलं.

"आणि माझ्या जावयाचा लाल अशुभ कसा हो?" मावशींनी माइक हातात घेतला. "महाराज, ही हळद आहे आणि टॉवेलला सोडा आहे. आज सगळ्यांच्या टॉवेलला मी लावला. त्या दिवशी एकट्याच्या टॉवेलला तुमच्या शिष्याने लावला होता. चिमे, लिंबू पिळ."

खेळाडूंच्या सरबताच्या पेटीतलं लिंबू चिमीने अध्यक्षांच्या हातांनी लाल झालेल्या वाडग्यात पिळलं. ढवळलं. लाल पाणी सगळ्यांच्या देखत पुन्हा पिवळं झालं.

"बघा, साहेबांचा दोष गेला," मावशी म्हणाल्या. "एका लिंबात. घरी जाऊन स्वयंपाकघरात करून बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि आपण का हरतो ते विचारायचं असेल तर धुणाऱ्या बाईला विचारा. माझ्या जावयाचा शर्ट दर वेळी पाठपोट चिखलाने भरून येतो. नऊ नंबरचा शर्ट महिनाभर नुसता अत्तराचा वास घेऊन येतो. या मोसमात अकरा गोल कॉर्नरवरून बसले, आणि कॉर्नर शिकायच्या वेळेला हे खेळाडू अनवाणी चालत होते. यात महाराजांचं सूर्यजल काय करणार आणि माझा जावई तरी काय करणार?"

शिष्य तोवर फाटकापर्यंत पोचला होता. महाराज कफनी सावरत त्याच्या मागे निघाले, जाता जाता म्हणाले, "इथली माती कृतघ्न आहे!" तेवढंच त्या दिवशीचं त्यांचं शेवटचं वाक्य. हे बोलताना माइक त्यांच्या हातात नव्हता.

कोचने अध्यक्षांना विचारलंही नाही. गोलकीपरला हातमोजे दिले आणि म्हणाला, "जा, उभा राहा."

सामना संघ दोन-एकने हरला. खालच्या श्रेणीतही घसरला. सहा आठवड्यांचा बुडालेला सराव एका दुपारी भरून निघत नसतो. पण गोलकीपरने एक पेनल्टी अडवली, आणि सामना संपल्यावर कोच त्याला म्हणाला, "पुढच्या मोसमाचा सराव सोमवारपासून. सकाळी सहाला. आधी कॉर्नर."

फाटकापाशी गर्दीत एक काका तणतणत होते. "महाराजांना घालवलं म्हणून हरलो! ते असते तर आज जिंकलो असतो!" त्यांच्याभोवती चार-पाच माना डोलत होत्या.

गोलकीपरने मान खाली घातली. चिमीने मात्र त्याचा हात सोडला आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, महाराज असताना आपण किती मॅच खेळलो?"

"किती म्हणजे… पाच."

"जिंकल्या किती?"

"एक. पण ती काय जिंकली होती, सांगू!"

"आणि महाराज यायच्या आधी अठरांत चार. मग जास्त कधी जिंकत होतो?"

काकांनी बोटं मोजली, ओठ हलवले, पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली. डोलणाऱ्या माना थांबल्या. एकाने खिशातून पेन काढलं, दुसऱ्याने तिकीट उलटं करून समोर धरलं.

चमत्कार दाखवणारा तुम्हाला नेहमी घाई करतो, ओरडायला लावतो, मोजू देत नाही. कोणी हात लाल करून दाखवला, तर आधी हात पुसायला काय दिलं होतं ते विचारा. कोणी जिंकवून देतो म्हणाला, तर किती वेळा जिंकवलं आणि किती वेळा नाही, हे दोन्ही मांडा. एवढ्यासाठी मोठं शिक्षण लागत नाही. कागदाचा एक तुकडा पुरतो, आणि बेरीज होईपर्यंत थांबायची तयारी.

फाटकापाशी ती पाच माणसं तिकिटावर वाकून थांबली होती. अठरांत चार, पाचांत एक. भागाकार अजून चालू होता, आणि पनवती हा शब्द काही कोणाच्या तोंडून निघत नव्हता.