मिशरीने थांबलेलं रक्त

भुट्टा खाताना कमलिनीमावशीचा दात दाण्यांबरोबर हातात आला. रक्त जवळजवळ नव्हतंच.

"बघ, हिरड्या अजून ठणठणीत!" ती हसली. "लग्नापासून मिशरी लावतेय, थेंब आला नाही कधी."

मी तिला ओढतच सोनागिरीतल्या दातांच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रे पाहून मी हादरले. खालच्या दातांभोवतीचं हाड अर्धं गायब होतं.

"जंतूंनी खाल्लं?" मावशीने विचारलं.

"फक्त जंतूंनी नाही," डॉक्टर म्हणाल्या. "हिरडीखालच्या खोल फटीत ऑक्सिजन कमी असतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी तिथे बहुधा लवकर मरत नाहीत, लढतच राहतात. त्यात आपलंच हाड झिजतं."

"म्हणजे घरचेच पहारेकरी घर पाडतायत? मग रक्त का नाही आलं?"

"मिशरीतल्या तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात. रक्त ही सूचना असते, मावशी. मिशरीने ती दाबली."

मावशीचा चेहरा उतरला. तिने माझा हात घट्ट धरला.

"अगं, माझ्या सुनेच्या, सोनलच्या हिरड्यांतून रक्त यायचं. ती घाबरली, म्हणून मीच तिला मिशरी दिली. परवाच म्हणाली, थांबलं रक्त."

मी सोनलला फोन लावला.