कुंदनच्या यादीतला हिरवा

आमचे पराग सर म्हणजे धन्य माणूस. कोडमध्ये एकदा ‘रीडओन्ली’ लिहिलं की ब्रह्मदेवालाही ते बदलता येणार नाही, अशी त्यांची श्रद्धा. एम्ब्रॉयडरी कारखान्यांसाठी आयपॅडचं ॲप त्यांनी ऑब्जेक्टिव्ह-सी नावाच्या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलं; मी त्यांच्या हाताखालची प्रोग्रामर. मशीनवरचा कारीगर त्यात डिझाइनच्या रंगांची यादी बघतो आणि त्याप्रमाणे सुयांत दोरे ओवतो.

कामरेजच्या एका कारखान्यात चाळीस साड्यांवरचे मोर हिरव्या रंगाशिवाय उतरले. शेठ खवळले. सरांनी बसल्या जागी निकाल दिला: यादी रीडओन्ली आहे, म्हणजे ॲप ती बदलूच शकत नाही, म्हणजे कारीगरानेच रंग गाळला. काय ती अक्कल! कारीगर कुंदन, धुळ्याकडचा, राहायला कोसाडला. तो बिचारा सांगत होता की यादीत हिरवा नव्हताच. ऐकतो कोण? त्याला घरी बसवलं आणि सोमवारी दुसरा माणूस ठेवायचं ठरलं.

सोमवारी मी आयपॅड घेऊन कामरेजला गेले. शेठ, सर, कुंदन, सगळ्यांसमोर यादी उघडली. सात रंग. मग संपलेले दोरे लपवणारी स्क्रीन उघडली, बंद केली आणि परत यादीवर आले. सहा रंग. हिरवा दोरा संपलेला होता, तो यादीतूनच गेला.

सरांच्या रीडओन्लीचा अर्थ इतकाच, की ही यादी काढून दुसरी ठेवता येत नाही. आतले रंग खुशाल कोणीही काढावेत. जी स्क्रीन यादी मागेल तिला कॉपी द्यायची, तर सरांनी मूळ यादीच हातात दिली होती. सर म्हणाले, ही भाषाच जुनी आहे. भाषा काय बोलणार बिचारी.

शेठनी कुंदनला मशीनवर जायला सांगितलं. माफी मागायची त्यांच्याकडे पद्धत नसावी. मी मात्र मनातून फुगले होते, एका माणसाची नोकरी वाचवली होती ना मी. कुंदन जाता जाता थांबला.

“ताई, हे तुम्हाला कधी कळलं?”

दोन वर्षांपूर्वी. कोड तपासताना मी सरांना सांगितलंही होतं. कॉपी केली तर ॲप हळू होईल, म्हणाले. पगारवाढीचा महिना होता. मी मूग गिळून बसले.

“काल,” मी म्हणाले.

“भलं होवो तुमचं,” तो म्हणाला. त्याने हात जोडले आणि माझी मान वर होईना.