पहिल्या पाण्याचा रंग

पेट्रोल स्वस्त झालं त्या सकाळी गल्लीत जणू सगळ्यांनाच बढती मिळाली होती. टॅक्सीवाल्यानं टाकी काठोकाठ भरून आणली आणि गाडीच्या टपावर थाप मारून जाहीर केलं, "आता बसा खुशाल! निम्म्या भाड्यात गाव फिरवतो!" न्हाव्यानं कात्री हवेतच वाजवली, चहावाल्यानं रेडिओचा आवाज वाढवला, आणि लाँड्रीच्या दारात उभी राहून ताईसुद्धा हसली. भाव चढतानाच पाहायची सवय झालेल्या माणसांना एखादा भाव खाली येताना दिसला, की तो कुणाच्या डोक्यावर पडणार आहे हे विचारायचं सुचत नाही.

खरं तर या गावानं ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. गावाबाहेर तेलाच्या विहिरी होत्या आणि गावातला बहुतेक प्रत्येक घास त्या विहिरींतूनच वर यायचा.

ताईची लाँड्री तर विहिरींवरच्या कामगारांच्या बॉयलर सूटवरच उभी होती. माणूसभर उंचीच्या लोखंडी ड्रममध्ये ते जाड निळे सूट गरगर फिरायचे. पहिलं पाणी डांबरासारखं काळं, वर तेलाची सप्तरंगी साय. दुसरं पाणी कोऱ्या चहासारखं. तिसरं निवळलं की ताई ड्रम थांबवायची. ती रसायनशास्त्र शिकलेली होती. पहिल्या पाण्याचा रंग पाहून आज विहिरीवर किती काम झालं ते सांगते, अशी तिची ख्याती होती. तिचा नवराही तिथंच पंप मेकॅनिक होता. सासूबाई गल्ल्याशेजारी बसून सुटांची तुटलेली बटणं लावायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घ्यायच्या. गल्ली त्यांना आजी म्हणे.

काही आठवड्यांनी एका सकाळी ताईनं ड्रमची तोटी उघडली आणि ती थबकली. पहिलंच पाणी निवळशंख!

"आई, बघितलंत? नवी पावडर! तो विक्रेता सांगत होता ते खरं निघालं. पहिल्याच पाण्यात डाग साफ!"

"पावडर आहे का जादूटोणा?" आजींनी चष्मा वर केला. "कालच्या सुटावर डाग होते का, ते आधी सांग."

ताईनं ते पाहिलंच नव्हतं. सूट येतात ते तेलानं माखूनच, हे तिनं गृहीतच धरलं होतं. शिकल्या-सवरल्या बाईला हे शोभत नाही असं तिचं तिलाच वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धे सूट नव्या पावडरीत घातले, अर्धे जुन्या. दोन्हीकडचं पाणी सारखंच नितळ आलं. म्हणजे पावडरीचा काहीएक संबंध नव्हता. आजींनी ढिगातला एक सूट उचलून नाकाशी धरला.

"अगं, याला आपल्याच साबणाचा वास येतोय. मागच्या धुण्याचा! धुतलेलेच धुतोय आपण."

तेवढ्यात क्रेन चालवणारा गडी गाठोडं घेऊन आला. ताईनं त्याच्यासमोरच गाठोडं सोडलं. आतल्या सुटाची घडीसुद्धा तिचीच होती.

"भाऊजी, हा मळलाय कुठं?"

त्यानं मागं वळून पाहिलं, गल्लीत कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. "वहिनी, घरी बोलू नका हं. तेलाचा भाव पडला म्हणून कंपनीनं निम्म्या विहिरी झाकल्या. जे उरलेत त्यांना सांगितलंय, खर्च वाचवा, सूट महिन्याला एकदाच धुवायला टाका. आम्हाला एकेकाला आत बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नका. सकाळी सूट घालून निघतो, संध्याकाळी घरी येतो. मळणार कशानं? पण धुवायला टाकला नाही, तर बायको विचारील ना!"

ताईनं सूट पुन्हा घडीवर दुमडला. मग म्हणाली, "वाईट झालं. नशीब, आमच्या ह्यांचं काम तरी चालू आहे."

क्रेनवाल्याला एकाएकी फार मोठा खोकला आला आणि तो पाठमोरा झाला.

तो गेल्यावर ताईनं घाईघाईनं नवऱ्याचा सूट काढला. काळाकुट्ट! कोपरांवर, गुडघ्यांवर, खिशापाशी डागच डाग. तिचा जीव भांड्यात पडला. सगळ्या ढिगात एकच मळका सूट, आणि तो आपल्या घरचा! तिला इतका अभिमान वाटला, की तिनं तो एकटाच ड्रममध्ये घातला.

पहिलं पाणी आलं. काळं होतं, पण त्यावर सप्तरंगी साय नव्हती. गरम पाणी निवत गेलं तसे बादलीच्या कडेला बारीक काळे पापुद्रे चिकटले. ताईनं एक पापुद्रा चिमटीत चुरगाळला. मेणासारखा. वास घेतला. टर्पेंटाइन! जमिनीखालून असलं काही येत नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे बुटाचं पॉलिश आहे."

आजींचा हात बटणावरच थांबला. "अस्सं! तरीच! परवा आणलेली डबी आज रिकामी दिसली. मी म्हटलं, घरात एकाचाही बूट चमकत नाही, मग पॉलिश गेलं कुठं?"

संध्याकाळी मेकॅनिक खुर्चीत धपकन बसला. "दमलो बुवा. दोन नंबरच्या पंपानं आज जीव घेतला."

"कसला होता हो पंप? तपकिरी होता की काळा?" ताईनं विचारलं.

"म्हणजे?"

तिनं रिकामी डबी त्याच्यासमोर ठेवली. मेकॅनिकनं डबीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"वाचनालयात बसतो," तो हातांच्या आडून म्हणाला. "एकच वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचतो. बाकीच्यांचं नुसत्या सुटावर भागतं. माझी बायको पाणी वाचते! मग डाग कुठून आणू?"

ताईला हसूही आलं आणि संतापही. संताप जिंकला. "माझ्यापासून लपवलंत? परक्यासारखं? इतके दिवस मी मूर्खासारखी..."

"थांब." आजींनी सुई टोचून ठेवली. "त्याला बोलण्याआधी मला एक सांग. रोज दुपारी ड्रममध्ये काय असतं?"

ताईनं मान खाली घातली. सूट कमी येऊ लागल्यापासून ती दुपारी रिकामाच ड्रम फिरवत होती. गंज चढू नये म्हणून, असं तिनं दुकानातल्या इस्त्रीवाल्या मावशींना सांगितलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. ड्रमची घरघर थांबली तर गल्ली म्हणेल, लाँड्री बसली! महिनाअखेर दुकान बंद करावं लागेल, हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"म्हणजे हा स्वच्छ कपडे मळवतो आणि तू हवा धुतेस," आजी म्हणाल्या. "छान जोडा जमलाय!"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आई," मेकॅनिक पुटपुटला.

"असेल. पण झाकल्या मुठीत पाना धरता येतो का रे? पाना धरायला मूठ उघडावीच लागते. आणि लाज कसली वाटते तुला? भाव तू पाडलास? भाव चढला होता तेव्हा तरी तू चढवला होतास का? तेव्हा तुम्ही सारे छाती काढून असे फिरत होतात, जणू जमिनीतनं तेल तुम्हीच पिळून काढलंत. तो तोरा खोटा होता, म्हणून आजची लाजही खोटी! लाज चोराला वाटावी. हाताचं काम सुटलेल्या माणसाला कसली लाज?"

 मग मेकॅनिकनं डबी उचलली, आत बोट फिरवलं आणि कसानुसा म्हणाला, "संपली. उद्यापासून खरं बोलण्यावाचून गत्यंतर नाही."

आधी आजी हसल्या, मग ताई.

सकाळी लाँड्रीच्या दारावर ताईनं ठसठशीत अक्षरांत पाटी लावली :

"स्वच्छ बॉयलर सूट यापुढे धुतले जाणार नाहीत. सूट घालून रविवारी आत या. चहा आहे."

गल्लीनं पाटी वाचली. न्हाव्याला वाटलं, ताईंचं डोकं फिरलं. ज्यांना कळायचं त्यांना मात्र बरोबर कळलं. रविवारी ताई दाराकडे डोळे लावून बसली. कोणीच आलं नाही तर? मग दुकानाची किल्ली फिरवायची, एवढंच उरणार होतं.

क्रेनवाला आला. त्याच्या मागं वेल्डर. वेल्डर दारातच अडखळला.

"तू?"

"तू पण?"

"अरे, रोज सकाळी चौकात मला हात करून 'चल, उशीर होतोय' म्हणायचास की रे!"

"मग काय म्हणणार? तूही घड्याळ बघत पळायचास!"

"मी बागेत पळायचो!"

हळूहळू दुकान निळ्या सुटांनी भरून गेलं. इलेक्ट्रिशियन आला, पाइप जोडणारे आले. जो आत यायचा तो आधी ओशाळायचा, मग आजूबाजूला पाहून खो खो हसायचा. इतके दिवस एकेकट्यानं वाहिलेलं ओझं साऱ्यांचं एकच निघालं! क्रेनवाल्याची बायको तरातरा आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. डब्यातली भाजी रोज तुम्ही बागेतल्या मांजराला घालता, त्या मांजराचं पोट बघा जरा!"

हशा ओसरल्यावर आजींनी काठी आपटली. "झालं का सगळ्यांचं रडून आणि हसून? आता मला सांगा, इतके कसबी हात एका खोलीत जमलेत आणि माझ्या सुनेचा दुसरा ड्रम दोन वर्षं बंद का?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. तिथं दुसरा ड्रम, आणल्यावर एकही सूट न धुता बिघडलेला, चादरीखाली पडून होता. बाहेरगावचा दुरुस्तीवाला परवडत नाही म्हणून ताईनं त्याची आशाच सोडली होती. मेकॅनिकनं चादर ओढली, अस्तन्या सारल्या आणि हात पुढं केला.

"पाना."

पाना क्रेनवाल्यानं दिला. वेल्डरनं तडकलेला पाया जोडला, इलेक्ट्रिशियननं मोटर उघडली. ताई चहा करता करता पाहत होती. नवऱ्याच्या कोपरावर काळा डाग पडला, मग दुसरा. खरे डाग! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र तिनं वाफेवर ढकललं. उन्हं कलताना ड्रम गुरगुरला, दचकला आणि फिरू लागला. टाळ्या अशा वाजल्या, की टॅक्सीवाला गाडी सोडून धावत आला.

आता ताईची बुद्धी चालू लागली. रुग्णालयाच्या चादरी दूरच्या शहरात धुवायला जात. कारण ताईकडे चालू ड्रम एकच आणि तो तेलाचा. त्यात चादर घातली तर रोग्याला वास यायचा. आता दुसरा, कोरा ड्रम होता! सोमवारी ती रुग्णालयात गेली आणि तिथल्या मुख्य परिचारिकेला आपण धुतलेली चादर दाखवली. परिचारिकेनं ती उजेडात धरली, वास घेतला, आणि पहिलं गाठोडं त्याच दिवशी दिलं. चादरी आणायला-न्यायला टॅक्सीवाला तयारच होता. पेट्रोल स्वस्त झाल्यापासून त्याची टाकी भरलेली आणि गाडी रिकामी होती; त्याची गिऱ्हाइकं म्हणजे हेच निळ्या सुटातले लोक.

"भाव पडला तो दिवस मी साजरा केला, आजी," तो गाठोडी भरताना म्हणाला. "माझंच सीट रिकामं होणार, हे नाही कळलं."

"आता कळलं ना? मग नीट बांध गाठोडं."

सगळ्यांचंच भलं झालं असं नाही. काहींना कामासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं, क्रेनवाल्याच्या हाती अजून क्रेन नाही. पण तो आता सकाळी बागेत जात नाही. मेकॅनिक आणि वेल्डरबरोबर घरोघरचे पाण्याचे पंप दुरुस्त करायला जातो. मांजर थोडं वाळलंय. इस्त्रीवाल्या मावशींना चादरींच्या ढिगाआडून मान वर काढायला सवड नाही आणि दुपारी दोन्ही ड्रम घरघरतात, भरलेले!

परवा मेकॅनिकचा सूट धुवायला पडला. ताईनं पहिलं पाणी बादलीत घेतलं. काळं नव्हतं, सप्तरंगी सायही नव्हती. गढूळ, मातकट पाणी होतं आणि तळाशी वाळू. आजींनी वाकून पाहिलं.

"काय गं, काय म्हणतंय पाणी?"

"विहिरीचं आहे, आई. पण पिण्याच्या पाण्याच्या!"

आजींनी समाधानानं मान हलवली आणि शेजारची पॉलिशची नवी डबी उघडली. मुलानं स्वतःहून आणून दिली होती. गल्लीत आता सगळ्यांचे बूट चमकतात.

वाचकहो, बाजारातले भाव आपण चढवत नाही आणि पाडतही नाही. म्हणून चढल्यावर फुगू नये आणि पडल्यावर तोंड लपवू नये. एखादा भाव उतरला की आनंद जरूर करावा, पण शेजारच्या घरात डोकावून यावं. आपली स्वस्ताई तिथं कुणाची रोजी हिरावून आली असेल. आणि ती वेळ आपल्याच घरावर आली, तर आधी घरात सांगावं, मग गल्लीत सांगावं. गाव एकाच विहिरीवर जगत असेल, तर ती आटण्याआधी दुसरी खणायला हवी. आणि खणायची तर हात मोकळे हवेत. मूठ उघडा! तिच्यात काय होतं ते लोक विसरतील, त्या हातानं काय केलं ते लक्षात ठेवतील.