किल्लीवाल्याचा कोट

फाटलेलं काही दिसलं की माझ्या नवऱ्याचे हात शिवशिवतात. हे कुणाचं, कुठून आलं, नीट करावं की चुलीत घालावं, असले प्रश्न त्याला पडत नाहीत. पुढच्या खोलीत आमचं रफूचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि नवऱ्याचा नियम एकच: कपडा परत जाताना तो कुठे फाटला होता हे मालकालाही सापडता कामा नये. या नियमापायी आमच्या घराचं जे झालं ते सांगते. मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

कोट आणला माझ्या मुलाने. दाराच्या चौकटीला मान वाकवल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात, मीही. जुन्या कपड्यांच्या बाजारातून त्याने ते धूड उचललं होतं. करडा, गुडघ्याखाली जाणारा, अस्तर उंदरांनी खाल्लेलं. कॉलर मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखी पडलेली आणि तिच्यावर रुपेरी दोऱ्याने भरलेली दोन किल्ल्यांची फुली, अर्धीअधिक उसवलेली.

मी हातातली कात्री खाली ठेवली. हा कोट किल्लीवाल्यांचा, जुन्या राजवटीतल्या पोलिसांचा. त्यांचं राज्य माझ्या जन्माच्या आसपास संपलं, पण आमच्या लहानपणीही पोर ऐकेना की आया त्यांचंच नाव घ्यायच्या. ते दार वाजवत नसत म्हणे. सरळ आत येत. त्यांनी नेलेला माणूस परत आल्याचं निदान आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नाही.

आमच्या घरातूनही एक गेला. काकूंचा नवरा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा धाकटा भाऊ. पत्रकं वाटली म्हणून त्याला शोधत होते. याच घराच्या माळ्यावर तो लपला होता, किल्लीवाले खाली उभे होते, आणि काकूंना खोकला आला. त्यांनी तो दाबला, पण दाबताना नजर वर गेली. "माझ्या खोकल्याने गेले ते," काकू एवढंच म्हणायच्या, भाजी महाग झाली म्हणावं तशा आवाजात. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माहेरच्यांनी तोंड फिरवलं, तेव्हा मामंजींनी त्यांना या घरात ठेवून घेतलं. त्या दिवसापासून काकूंच्या लेखी मामंजी म्हणजे देव. त्यांचं पथ्य, त्यांची औषधं, त्यांच्या नखांना कात्री लावणंसुद्धा काकूच करायच्या. दुकानाची काजं-बटणंही त्यांच्याकडेच. आणि अजूनही खोकला आला तर हातातलं कापड तोंडात कोंबायच्या. त्यांच्या डोळ्यांसमोर हा कोट नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

"अगं आई, सगळे घालतात," लंबू म्हणाला. "आमच्या ग्रुपमध्ये तिघांकडे आहेत. स्टाइल आहे ती. कापडाला काय पाप लागतं?"

"कापडाला नाही लागत. बघणाऱ्याला लागतं."

"कोण बघणार आहे एवढं?"

कोण बघणार ते लगेच कळलं. कोट दुकानात खुंटीवर लटकत होता, आणि आमच्या जुन्या गिऱ्हाईक, निवृत्त नर्सबाई, स्वेटर घ्यायला आल्या. त्यांनी कोट पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि स्वेटर न घेताच निघून गेल्या. परत आल्या नाहीत. नवरा म्हणाला, "घाईत असतील." या माणसाला सुईच्या नाकातून दोरा दिसतो, समोरचं माणूस दिसत नाही.

शेवटी लंबू म्हणाला, "आपण आजोबांनाच विचारू. त्यांना चालत असेल तर तुझी ना नाही ना?"

मला पटलं. भाऊ त्यांचा गेला, तेव्हा अधिकार त्यांचा. काकू शेजारीच काज करत बसल्या होत्या. त्यांना विचारावं असं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही. काकू कशालाच नाही म्हणत नाहीत, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं.

मामंजींना कमी दिसतं. त्यांनी कोट मांडीवर घेतला, कॉलर चाचपली, उसवलेल्या दोऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग कोट बाजूला सारत म्हणाले, "मेलंय हे. घाल. मला काय त्याचं."

काकूंनी मान वर केली नाही. त्यांचा टाका मात्र चुकला आणि त्यांनी तो उसवून परत घातला.

आता इथवर ठीक होतं. लंबूने ते लक्तर तसंच अंगात घातलं असतं, चार दिवस मिरवलं असतं आणि कंटाळून फेकलं असतं. पण नवऱ्याच्या हाती फाटका कपडा पडला होता, आणि तोही पोटच्या पोराचा. मग काय विचारता! त्याने नवं अस्तर लावलं. कॉलरमध्ये कडक बक्रम घालून ती ताठ केली, तिला गळ्याशी बंद होणारे हुक बसवले. खांदे उचलले. पितळी बटणं चिंचेने घासली. आणि शेवटी ती फुली. आठ ठिकाणी शोधून त्याच जातीचा रुपेरी दोरा आणला आणि किल्ल्यांचे दात एकेक करून भरले.

"ते तरी तसंच राहू दे," मी म्हटलं.

"अर्धवट काम मी देत नाही," तो म्हणाला. मी हात टेकले.

रविवारी संध्याकाळी आम्ही मागच्या खोलीत चहा घेत होतो. मामंजी खुर्चीत, काकू त्यांच्या पायाशी पाटावर. लंबू दुकानात जाऊन कोट घालून आला. पायांत त्याने जाड तळाचे बूट चढवले होते. दार त्याने वाजवलं नाही. स्वतःच्या घरात कोण वाजवतं? दार उघडलं, चौकटीखालून मान काढून तो ताठ उभा राहिला, मागे दुकानातला दिवा. चेहरा अंधारात, आणि उजेडात फक्त कॉलर.

क्षणभर मीसुद्धा माझं पोर ओळखलं नाही.

मामंजींच्या हातातली कपबशी खाली पडली. ते उठले. एरवी त्यांना उठवायला दोघं लागतात. ते स्वतः उठले, चपला काढून एकीशेजारी एक ठेवल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही हात डोक्यामागे बांधले. त्यांचं धोतर ओलं होत गेलं.

"आजोबा, मी आहे," लंबू म्हणाला.

"माळ्यावर आहे साहेब," मामंजी म्हणाले. आवाज तरुण होता, घाईचा. "ट्रंकांच्या मागे. मीच निरोप पाठवला होता, साहेब. माझं नाव मात्र सांगू नका. घरात पोर आहे माझं."

ते पोर म्हणजे माझा नवरा. तो बशी धरून बसल्या जागी बसला होता. मी काकूंकडे बघितलं आणि वाटलं, आता या खोकतील, रडतील, काहीतरी करतील. त्या नुसत्या ऐकत होत्या. बँकेत आपला नंबर पुकारतील म्हणून लोक ऐकतात, तशा.

लंबू रडकुंडीला येऊन हुक ओढू लागला.

"कोट काढू नकोस," काकू म्हणाल्या.

"काकूआजी..."

"अंगात राहू दे. दारातून हलू नकोस."

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मामंजींच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. सारा जन्म ज्यांना त्या भाऊजी म्हणत आल्या, त्यांना त्यांनी वेगळ्याच कोरड्या आवाजात विचारलं, "कधी पाठवलास निरोप?"

"आदल्या दिवशी, साहेब."

"आदल्या दिवशी," काकूंनी परत म्हटलं. "म्हणजे त्यांना आत यायच्या आधीच माहीत होतं."

"हो साहेब."

"आणि खोकला?"

"तो तिला आला साहेब. बरं झालं. तिला वाटलं तिच्यामुळेच."

नवरा उठला. "काकू, पुरे. आजारी माणूस आहे, त्यांना बसव."

"हात लावू नकोस त्यांना." काकूंनी आवाज चढवला नाही, तरी तो जागीच थांबला. मलाही त्या क्षणी काकूंची भीती वाटली. आणि खरं सांगायचं तर मला त्यांनी थांबू नये असंच वाटत होतं.

"शेवटचं विचारते," काकू म्हणाल्या, आणि इथे मात्र त्यांचा आवाज फाटला. "त्याला कळलं होतं का? कुणी सांगितलं ते?"

मामंजींनी कपाळ भिंतीला टेकलं.

"शिडी मीच धरली होती साहेब," ते म्हणाले. "उतरताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तोल जाऊ नये म्हणून."

काकूंनी मान हलवली. मग त्या दाराशी गेल्या. लंबूला हुक सुटेना. काकूंनी चवड्यांवर उभं राहून त्याच्या गळ्याशी हात नेले आणि एकेक हुक सोडवला, बटणं काढली, कोट उतरवून जमिनीवर टाकला. लंबूच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुकानातून बाहेर रस्त्यावर निघून गेल्या. अंगावरच्या कपड्यांनिशी, चपला न घालता. लंबू त्यांच्यामागे धावला.

मामंजी अजून भिंतीकडे तोंड करून उभे होते. "जाऊ साहेब?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्यांना बसा म्हणायला तो पुढे झाला नाही, आणि मीही नाही.