कापून टाकलेला तास

महाजन सरांच्या पोटात दुखायला लागलं ते जून महिन्यात, आणि त्यावर कुठल्याही डॉक्टरकडं औषध नव्हतं. कारण त्या दुखण्याचं नाव होतं जगदीश सोनवणे.

हेमराज महाजन चोपड्याहून सातपुड्याकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका हायस्कुलात तेवीस वर्षं गणित शिकवत होते. जगदीश धुळ्याहून आलेला, सत्तावीस वर्षांचा, विज्ञानाचा नवा शिक्षक. आला त्याच दिवशी त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं, पोरं लिंबाखाली नेली आणि ढोलकी वाजवून ध्वनीचा धडा शिकवला. कुणीतरी त्याची रील केली. चाळीस हजार लोकांनी ती पाहिली. झालं, पोरगा गावाचा हिरो झाला.

आता दुसऱ्याचं भलं झालं तर आपल्या बापाचं काय जातं? पण जातं हो, काहीतरी जातंच. स्टँडवरचा चहावाला वीस वर्षं ‘या महाजन सर’ म्हणायचा. तो आता ‘सोनवणे सर नाही आले का?’ विचारू लागला. घरी प्रमिलाबाईंनीसुद्धा नवऱ्यासमोर मोबाइल धरला.

“बघा तरी, किती छान शिकवतो पोरगा.”

“ते शिकवणं नाही, तमाशा आहे,” सर म्हणाले आणि ताटावरून उठले. मग आतल्या खोलीचं दार लावून त्यांनी तीच रील स्वतः तीनदा पाहिली. आकडा वाढलेला दिसला की त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. हे आम्ही सांगतो, ते सांगणार नाहीत.

पाच सप्टेंबरला शिक्षक दिन. दहावीच्या पोरांनी यंदा भाषणं नकोत म्हणून मोबाइलवर पंधरा मिनिटांचा सिनेमाच काढला. मोबाइल जगदीशचा, आणि दिग्दर्शन रोशनी पावराचं. रोशनी वरच्या आदिवासी पाड्यावरची, बोलायला धीट पोरगी. हॉलमध्ये पडदा लागला, गावातली चार मोठी माणसं पुढच्या रांगेत बसली.

सिनेमात दोन मास्तर होते. चांगला मास्तर हसत वर्गात येतो, पुस्तक खिडकीतून भिरकावतो, पोरांना नदीवर नेतो, एक गाणं होतं आणि गाणं संपेपर्यंत नापास पोरगं पास झालेलं असतं. मंडळी, आपण पाहिलेल्या बहुतेक सिनेमांत असंच नाही का होत? वाईट मास्तरही आपल्या ओळखीचाच. नाकावर चष्मा, हातात खडू, सदा न कदा वह्या मागणारा. पण हा वाईट मास्तर बसण्याआधी खुर्ची रुमालानं तीनदा झटकत होता, रुमालाची चौकोनी घडी करून खिशात ठेवत होता आणि दर ओळीनंतर भुवई उडवून विचारत होता, “पुढं?”

हॉल हसून लोटपोट झाला. कारण तसा रुमाल आणि तसं ‘पुढं?’ तालुक्यात एकाच माणसाचं होतं.

महाजन सरांनी टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतात कुणाला! पण अंगाचा तिळपापड झाला होता. त्यांनी चोरून जगदीशकडं पाहिलं, तर तोही हसत होता. तेवीस वर्षांत आपल्या वाट्याला काय आलं? एक रुमाल. आणि ह्याच्या वाट्याला तीन महिन्यांत नदी, गाणं आणि टाळ्या.

आता एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. पाड्यावरून येणारी एसटी साडेआठला पोरांना शाळेच्या दारात सोडते आणि शाळा भरते पावणेअकराला. मधली गाडीच नाही. ही पोरं, यंदा बारा, दोन तास ओट्यावर बसून असायची. ते बघून अकरा वर्षांपूर्वी महाजन सरांनी सकाळी साडेआठला यायला सुरुवात केली आणि त्यांचा गणिताचा जादा तास घेऊ लागले. कुणी सांगितलं नव्हतं, कुठं नोंद नव्हती. पाड्यावर रीतच पडलेली होती की पोरगी गणितात नापास झाली की तिला घरी बसवायची, मग लग्न. त्या तासामुळं अकरा वर्षांत चौदा पोरी दहावीच्या पुढं गेल्या होत्या.

शिक्षक दिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सर वर्गाच्या दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत.

“आजपासून तास बंद,” ते म्हणाले. “तुमचे सिनेमातले सर आहेत ना, त्यांच्याकडं जा.”

रोशनीचा चेहरा पडला. “सर, घटक चाचणी वीस दिवसांवर आलीय.”

“गाणं म्हणा. गाण्यात होतात म्हणे पास.”

असं बोलून ते निघाले आणि त्यांना बरं वाटलं. हेही खरंच सांगायला हवं. दोन दिवस फार बरं वाटलं.

नवव्या दिवशी ते जरा लवकर शाळेत आले. ओट्यावर पोरं अकराच होती. दहावीतली मेघा बारेला तेवढी नव्हती. शाळेची खिचडी रांधणाऱ्या शेवंताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्याही साडेआठलाच येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हा तास त्यांनी अकरा वर्षं ऐकलेला.

“मेघा गयी निंदाले, मायसंगे,” न विचारताच त्या म्हणाल्या. “आते येवाव नही म्हने.”

म्हणजे मेघा आईबरोबर शेतात निंदणीला गेली होती आणि आता शाळेत येणार नव्हती.

“भाऊ, तुम्हले राग उना, तो बराबर शे. पन तो कोनवर काढी ऱ्हायनात, ते देखा.”

“अक्का, तुम्ही पाहिलं ना? भर गावात माझं सोंग काढलं. मी राबतो, आणि नाव त्या ढोलकीवाल्याचं.”

शेवंताबाईंनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला.

“सिनेमामा पीठ मळताना कोनी दखाडतस का? ताटमा वाढेल भाकर दखाडतस. पीठ मळाले कोनी टाळ्या वाजाडत नही. म्हनीसन पीठ मळनं सोडी देवानं का?”

तेवढ्यात मागून जगदीश आला. डोळे ओढलेले, हातात मोबाइल.

“सर, तुमच्याकडंच येत होतो. तुम्ही बंद केल्यावर सहा दिवस सकाळचा तास मी घेतला. गाणं म्हटलं की टाळ्या पडतात. मग वर्गसमीकरण घातलं की सगळे गप्प. मेघाला चार वेळा समजावलं, तिचं कुठं अडतंय तेच मला कळेना. पोरी म्हणतात, महाजन सर नुसती वही बघून सांगायचे.” तो थांबला. “खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो.”

महाजन सर त्याच्याकडं बघतच राहिले. तीन महिने ज्याच्यावर जळत होते, तो त्यांच्यावरच जळत होता!

तोवर रोशनी येऊन उभी राहिली होती. सरांनी तिला विचारलंच. “मी इतका वाईट शिकवतो का गं?”

“नाही सर.” तिचे डोळे भरून आले. “आम्ही आधी सकाळचाच तास काढला होता. खिडकीत मोबाइल ठेवून. पण त्यात काहीच होत नाही, सर. तुम्ही वही बघता, ‘पुढं?’ म्हणता आणि थांबता. सगळे म्हणाले, असला सिनेमा कोण बघेल? मग कापून टाकला. सिनेमात वह्या तपासणारा मास्तर वाईटच असतो ना, म्हणून रुमाल त्याला दिला.”

“आहे तो अजून?”

जगदीशनं मोबाइल पुढं केला. सर शेवंताबाईंच्या शेजारी पायरीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला शिकवताना पाहू लागले.

चाळीस मिनिटं. ना गाणं, ना नदी. एक पन्नाशीचा माणूस एका बाकावरून दुसऱ्या बाकावर सरकतोय, वाकतोय, वहीवर बोट ठेवतोय, थांबतोय. चौथ्या बाकावर तो एका पोरीसाठी सलग सहा मिनिटं थांबला आणि मग तिचा चेहरा उजळला. सरांच्या छातीत काहीतरी ऊबदार हललं. हे आपण करतो, त्यांना वाटलं. कुणी टाळ्या वाजवत नसताना करतो.

आणि सत्ताविसाव्या मिनिटाला मेघानं चिन्ह चुकवलं. मोबाइलमधला माणूस फळ्याकडं वळता वळता सहज म्हणाला, “किती शिकवा, पाड्यावरची ती पाड्यावरचीच.”

दोनचार पोरी कसंनुसं हसल्या. त्या माणसानं पाठ फिरवलेली होती, म्हणून त्याला दिसलं नाही. मोबाइलला दिसलं. मेघानं वही मिटली आणि तास संपेपर्यंत उघडली नाही.

सरांनी तो भाग पुन्हा लावला. त्यांना हे बोलल्याचं आठवतही नव्हतं. म्हणजे आपण हे किती वेळा बोललो असू?

“रोशनी,” त्यांनी विचारलं, “हे वाक्य सिनेमात का नाही घातलं? वाईट मास्तराला शोभलं असतं.”

“मी घालणार होते. मेघा म्हणाली नको. म्हणाली, सर आपल्यासाठी साडेआठला येतात, गावात त्यांची लाज जाईल.”

शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं.

ज्या पोरीची लाज त्यांनी भर वर्गात काढली, तिनं गावासमोर त्यांची लाज राखली होती. आणि त्यांनी तिचा तास बंद केला होता!

साडेअकराच्या गाडीनं महाजन सर पाड्यावर गेले, रजेचा अर्ज टाकून. मेघा आईबरोबर कपाशीत निंदत होती. आजी बुधीबाई बांधावर बसली होती. सरांना बघून आई-आजीला वाटलं, पोरीनं काही गुन्हा केला. बुधीबाई उठून उभी राहायला लागली.

“बसा आजी,” सर म्हणाले. “गुन्हा माझा आहे.” आणि तीन बायकांसमोर, उन्हात, त्यांनी ते वाक्य जसं बोलले होते तसं सांगितलं. “मेघा, चुकलं माझं. पाड्यावरून तू रोज साडेआठला येतेस, हे माझ्या येण्यापेक्षा मोठं आहे. चिन्ह कुणाचंही चुकतं. जीभ माझी चुकली.”

मेघा खुरपं हातात धरून खाली बघत राहिली. सर थांबले. थांबायची त्यांना सवय होती.

मग तिनं वर पाहिलं, भुवई जराशी उडवली आणि म्हणाली, “पुढं, सर?”

“पुढं उद्या साडेआठला,” सर म्हणाले, आणि डोळे पुसायला रुमाल काढला. घडी मोडली तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर बारा पोरं होती आणि वर्गात दोन शिक्षक. जगदीश शेवटच्या बाकावर बसून वही कशी बघायची ते बघत होता. महाजन सर अजूनही ढोलकीला हात लावत नाहीत, पण जगदीशनं पोरं लिंबाखाली नेली की तेही मागं जाऊन उभे राहतात. त्या सकाळच्या तासाची रील मात्र आजवर कुणी केली नाही.

म्हणून मंडळी, एवढंच ध्यानात धरू या. पडद्यावरचा चांगला मास्तर एका गाण्यात पोरगं पास करतो आणि वाईट मास्तर चष्म्यावरून ओळखू येतो. खऱ्या शाळेत ते दोघं पुष्कळदा एकाच माणसात राहतात. आपल्या पोरांच्या शिक्षकाला टाळ्यांवरून मोजू नका, रुमालावरून हसू नका. आणि तुम्ही स्वतः शिक्षक असाल, तर शेजारच्या वर्गातल्या टाळ्या ऐकून जळण्याआधी एकदा वळून बघा. आपण फळ्याकडं वळून वर्गाकडं पाठ फिरवली, तेव्हा कुणाची वही मिटली?